गिऱ्हाईक पिकअप मागतं

अंधेरीपासून मुलुंडपर्यंत आज शटर ओढून आलेल्या माझ्या गॅरेजवाल्या बंधूंनो,

अध्यक्षपदाचा मान दिलात. अध्यक्षाने वर्षाचा आढावा घ्यावा असा रिवाज आहे. बीएस-6, इलेक्ट्रिक गाड्या, स्पेअरचे भाव, कामाला पोरं मिळत नाहीत, हे सगळं कार्यवाहांच्या अहवालात छापलंय. ते घरी वाचा. मला वीस वर्षं एकच गोष्ट बोलायची आहे, आणि आज माईक माझ्या हातात आहे.

गिऱ्हाईक आपल्याकडे पिकअप मागतं. आपण त्याला पॉवर विकतो.

मारुती 800 घ्या. 796 सीसी, तीन सिलिंडर. ताकद 37 बीएचपी, तीही 5000 आरपीएमला. पण खेच, म्हणजे टॉर्क, 59 न्यूटन मीटर, ती 2500 लाच हजर. घाटकोपरहून लिंक रोडने अंधेरीला जाणारा माणूस दिवसभर त्याच्याच आसपास घुटमळतो. साकीनाक्याला 5000 आरपीएम कोणी पाहिलाय? हात वर करा. बघा.

आणि आपण काय करतो? पॉवर वाढवायला इंजिनात हवा नेणारा मॅनिफोल्ड उतरवतो, ग्राइंडर लावतो, त्याच्या नळ्या, म्हणजे रनर, रुंद करतो. अरे, ती काय पालिकेची पाइपलाइन आहे, मोठी केली की जास्त येईल? व्हॉल्व्ह बंद झाला की धावत्या हवेला ठेच लागते. दाबाची लाट उलटी फिरते, रनरच्या दुसऱ्या टोकाच्या हवेच्या डब्यापर्यंत, म्हणजे प्लेनमपर्यंत जाते, परतते. परतल्यावर व्हॉल्व्ह उघडा सापडला तर जादा हवा आत रेटली जाते. 6000 आरपीएमला तो व्हॉल्व्ह सेकंदाला 50 वेळा उघडतो, 2400 ला 20 वेळा. लाटेचा हा हिशेब रनरच्या लांबीवर बसवलेला असतो. लांब, अरुंद रनर खालच्या आरपीएमला खेच देतो. आखूड, रुंद रनर वरच्या. म्हणून तर काही कंपन्या एकाच मॅनिफोल्डमध्ये दोन लांब्या ठेवतात आणि मध्ये झडप बसवतात. त्यांनी मोजून मोजून ठरवलेलं आपण चहा येईस्तोवर घासून टाकतो. मग गिऱ्हाईक म्हणतं, शेठ, आवाज मस्त आहे, पण सेकंडला उचलत नाही. उचलणार कुठून!

आतून पॉलिश करावं की खरखरीत ठेवावं, यावरून सकाळच्या सत्रात हमरीतुमरी झाली. मी सांगतो. उस्तादांकडे शिकत असताना एका पद्मिनीचा मॅनिफोल्ड मी तीन दिवस घासून असा चकचकीत केला की त्यात बघून दाढी करावी. आपल्या कुर्ल्यात बनलेली गाडी, 1089 सीसीची. दुसऱ्या दिवसापासून सकाळी चोक ओढून ओढून मालक घामाघूम, आणि निघताना गचके. उस्तादांनी कार्ब्युरेटर उतरवून आत बोट फिरवलं. बोट ओलं. गुळगुळीत भिंतीवर पेट्रोल थेंब धरून ओघळत होतं, हवेत मिसळतच नव्हतं. उस्ताद एक अक्षर बोलले नाहीत, 80 नंबरचा पॉलिश पेपर हातात दिला. इंजेक्टरवाल्या एमपीएफआय इंजिनात पेट्रोल व्हॉल्व्हच्या तोंडाशीच पडतं, तिथे आरशाने फार बिघडत नाही आणि फार साधतही नाही. आताचे मॅनिफोल्ड तर प्लॅस्टिकचे. माझ्यापुरता वाद मिटला.

राहिला कायद्याचा प्रश्न. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल करू देत नाही, आणि 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच बजावलं. त्यावर वकील साहेब बोलतीलच. मला तुम्हाला कायद्याची भीती घालायची नाही. पावसाची घालायची आहे.

हा बघा, खिशातून आणलाय. कनेक्टिंग रॉड. मागे बसलेल्यांनाही वाक दिसेल. गेली वीस वर्षं माझ्या गल्ल्यावर बिलं दाबायला असतो. एस्टीमचा आहे. गोरेगावच्या एका पोराला कंपनीचा एअरबॉक्स काढून मीच कोन फिल्टर बसवून दिला होता, थंड हवा मिळावी म्हणून बंपरच्या मागे, खाली. खूश होता पोरगा. मग 26 जुलै 2005 आला. सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस झाला तो दिवस. एस. व्ही. रोडवर पाणी अजून बंपरलाच होतं, आणि इंजिनने ते नळीतून ओढलं. हवा दाबता येते, पाणी दाबता येत नाही. पिस्टन अडला आणि रॉड वाकला. शेजारची तसलीच गाडी, वर तोंड असलेला मूळ एअरबॉक्स होता म्हणून, तेवढ्या पाण्यातून बाहेर पडली. इंजिनाचा खर्च मी दिला. त्याहून जास्त लागलं ते त्या पोराच्या वडिलांनी शांतपणे विचारलेलं: तुम्ही मोजलं होतंत का?

नव्हतं मोजलं. आपल्यापैकी किती जण मोजतात? ताकद मोजणाऱ्या डायनोचा कागद न दाखवता दहा घोडे वाढवून देणारे या सभागृहातच बसलेत, मला नावं घ्यायला लावू नका. संघटनेने हवेचा प्रवाह मोजायला एखादा फ्लो बेंच घ्यावा, पोरांसाठी वर्ग काढावा, असं माझ्या मनात आहे. समिती नेमू. पैशांचं बघू.

पण एक काम आजच करता येईल. मे संपत आला. ज्यांच्या गाड्यांत तुम्ही फिल्टर खाली बसवलाय, त्यांना या आठवड्यात फोन करून बोलवा आणि जुना एअरबॉक्स परत लावून द्या. मजुरी घेऊ नका.