बाळंतिणीची सोबत
(महोत्सवानिमित्त भरलेल्या स्त्रियांच्या सभेतील भाषण)



आमच्या ह्या मंदिरात ज्या बालकांस स्नानसंस्कार मिळाला, त्यांची नावे नोंदवहीत आहेत. परंतु त्यांच्या मातांनी त्या दिवसांत मनात काय सोसले, ह्याची नोंद कोठेही नाही. त्याविषयी आज दोन शब्द बोलावयाचे आहेत.

बाळंतिणीच्या घरी जाण्यास आम्ही चुकत नाही. डिंकाचे लाडू, अंगडेटोपडे नेतो, बाळ कोणाच्या वळणावर गेले ते ठरवितो आणि परततो. काही वर्षांपूर्वी अशाच एका घरी माता भिंतीकडे तोंड करून निजली होती. “देवाने पुत्र दिला, आता रडतेस कशाला?” असे आम्हीच तीस म्हणालो. तिने डोळे पुसले व पुढे कित्येक महिने कोणासही काही सांगितले नाही. तिचे तोंड आम्हीच बंद केले, ही कबुली देणे आम्हांस भाग आहे.

प्रसूतीनंतर काही दिवस मन हळवे होते, उगाच रडू येते. हे पुष्कळ मातांस होते व दोन आठवड्यांत ओसरते. परंतु उदासी त्याहून लांबली, बाळ निजले असताही डोळ्यास डोळा लागेना, ‘मी वाईट आई’ हा विचार पाठ सोडीना, तर तो आजार होय. तो हट्ट नव्हे, दृष्ट नव्हे, श्रद्धेची उणीवही नव्हे. गर्भारपणातही तो जडतो.

ह्या कामी मातेस मातेचीच सोबत उपयोगी पडते. कॅनडातील ओंटारिओ प्रांतात, हा आजार होण्याचा संभव अधिक असलेल्या ७०१ नवमातांचा अभ्यास झाला. तो २००९ साली प्रसिद्ध झाला. त्यांपैकी निम्म्यांशी, ह्याच दुःखातून पूर्वी गेलेल्या स्त्रिया दूरध्वनीवरून बोलत. बारा आठवड्यांनी सोबत मिळालेल्यांत शेकडा १४, तर इतरांत शेकडा २५ जणींत आजाराची लक्षणे आढळली. आमच्या शेजारच्या गोव्यातही उदासीने ग्रासलेल्या २८० गर्भवतींविषयी असा प्रयोग झाला; त्याचा वृत्तांत २०१९ साली आला. तेथील ‘सखी’ म्हणजे शिक्षण घेतलेल्या साध्या गृहिणी. त्या घरी जात, ऐकून घेत, घरच्यांसही विश्वासात घेत. ह्या मातांत सहा महिन्यांनी बऱ्या झालेल्यांचे प्रमाण अधिक होते. मात्र लक्षणांची तीव्रता निश्चितपणे उतरली, असे सिद्ध झाले नाही. लाभ बेताचा, पण खर्च थोडा आणि हात आपलेच.

म्हणून आमची विनंती अशी की, प्रत्येक वाडीतून दोन अनुभवी मातांनी हे काम पत्करावे. बाळाआधी आईची विचारपूस करावी. उपदेश आवरावा. ऐकलेले विहिरीवर वा चर्चच्या पायरीवर बोलू नये. तासभर बाळ सांभाळून तीस झोपू द्यावे. पती व सासूबाई ह्यांस आजार समजावून सांगावा. सखी म्हणजे वैद्य नव्हे, हेही विसरू नये. आजार लांबला तर डॉक्टरांकडे न्यावे. जिवाचे बरेवाईट करण्याची भाषा निघाली, भ्रम होऊ लागला किंवा बाळास धोका दिसला, तर तीस क्षणभरही एकटी न सोडता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. सरकारने २०२२ साली सुरू केलेली ‘टेलिमानस’ ही विनामूल्य सेवा १४४१६ ह्या क्रमांकावर अहोरात्र मिळते.

पवित्र मरिया स्वतः गर्भवती असता डोंगराळ प्रदेशात एलिझाबेथेकडे गेली व सुमारे तीन महिने तेथे राहिली. आम्हांस तर केवळ शेजारचे अंगण ओलांडावयाचे आहे. ज्या भगिनीस आम्ही त्या दिवशी गप्प केले, ती आज ह्या सभेत बसली आहे. तिने आम्हांस क्षमा केली आहे; आणि पहिली सखी होण्यासही तीच पुढे आली आहे.