घराचं गेट, आडनाव आणि तक्रारीचा अर्ज

(लखनौत शिकणाऱ्या आणि नोकरी करणाऱ्या मराठी तरुणांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्यापैकी बहुतेकजण घरातले पहिले पदवीधर. नोकरीसाठी या शहरात आलो आणि पहिला प्रश्न ऐकला, "पूरा नाम बताइए." नुसत्या नावाने घर मिळत नाही, आडनाव लागतं. मलाही तो प्रश्न तीन ठिकाणी विचारला गेला. तिन्ही ठिकाणी नंतर उत्तर एकच, "सोसायटीवाले नहीं मानेंगे."

हे सोसायटीवाले म्हणजे कोण आणि त्यांच्यावर कोणाची देखरेख आहे, एवढंच आज बोलायचं आहे.

उत्तर प्रदेशात 2010 चा अपार्टमेंट कायदा आहे. त्यानुसार फ्लॅटमालकांची संघटना स्थापन होते, 1860 च्या सोसायटी नोंदणी कायद्याखाली तिची नोंदणी होते आणि तिच्यासाठी आदर्श उपविधी सरकारने दिलेले आहेत. बिल्डरविरुद्धची तक्रार रेराकडे जाते. संघटनेच्या कारभाराची तक्रार उपनिबंधकाकडे जाते. तो माहिती मागवू शकतो, चौकशी करू शकतो. निवडणुकीचा वाद एकचतुर्थांश सभासदांना विहित प्राधिकाऱ्यापुढे नेता येतो. म्हणजे देखरेख आहे.

पण यात भाडेकरू कुठे आहे? संघटना मालकांची, सभासद मालक, मत मालकाचं. तक्रारीचा हक्क मालकीला चिकटलेला आहे. आणि आपली पिढी भाड्याने राहते. आपल्या मावश्या त्याच इमारतीत धुणीभांडी करतात, त्यांना मोठी लिफ्ट वापरू देत नाहीत. पार्किंगच्या पैशांचा हिशेब मागायला दार आहे, अपमानाचा हिशेब मागायला त्या दफ्तरात रकाना नाही.

हा नुसता आपला समज नाही. सुखदेव थोरात आणि सहकाऱ्यांनी दिल्ली परिसरात भाड्याच्या घरांचा अभ्यास केला, तो 2015 मध्ये प्रसिद्ध झाला. फोनवर सवर्ण नावाला नकार मिळाला नाही. दलित आणि मुस्लिम नावांना मिळाला.

न्यायालयाचं काय? 1917 मध्ये बडोद्यात बाबासाहेबांना पारशी धर्मशाळेतून बाहेर काढलं गेलं, ते तुम्हाला सांगायला नको. 2005 मध्ये अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने, गुजरात उच्च न्यायालयाचा निकाल फिरवून, सभासदत्व फक्त पारशांना देणारा उपविधी वैध ठरवला. संघटना करण्याचं स्वातंत्र्य आहे, बदल हवा असेल तर तो कायदेमंडळाने करावा, असा त्या निकालाचा आशय. अल्पसंख्य समाजाची भीती मी समजू शकतो. पण हीच ढाल बहुसंख्य सवर्ण सोसायटीच्या हाती गेली की तिची भिंत होते.

तरी आपले हात रिकामे नाहीत. चार गोष्टी लक्षात ठेवा.

एक, 1955 चा नागरी हक्क संरक्षण कायदा. त्याच्या कलम 4 नुसार, कोणत्याही वस्तीत राहण्याची जागा बांधायला, घ्यायला किंवा तिच्यात राहायला अस्पृश्यतेच्या कारणावरून आडकाठी करणं गुन्हा आहे. हे कलम वकिलांनाही आठवून द्यावं लागतं.

दोन, 1989 चा अत्याचार प्रतिबंधक कायदा. 2015 च्या दुरुस्तीनंतर सामाजिक किंवा आर्थिक बहिष्कार घालणं, तशी धमकी देणं हाही त्याखाली गुन्हा आहे. 2018 च्या दुरुस्तीने एफआयआर नोंदवण्याआधी प्राथमिक चौकशीची गरज ठेवलेली नाही. ठाण्यात "आधी चौकशी करू" म्हणाले तर कलम 18-अ सांगा.

तीन, 2008 चा स्वर्ण सिंग खटला. घराच्या गेटपाशी उभ्या असलेल्या ड्रायव्हरला जातिवाचक शिवी दिली गेली. सर्वोच्च न्यायालय म्हणालं, गेट ही लोकांच्या नजरेतली जागा आहे. गेटवर अपमान झाला तर "आमची खासगी जागा" हे उत्तर पुरेसं नाही.

चार, नोंदणी कायद्याचं कलम 19. निबंधकाकडे दाखल झालेले कागद, फी भरून, कोणीही पाहू शकतं. तिथे "सभासद" असा शब्द नाही, "कोणीही" असा आहे. भाडेकरूसुद्धा. "सोसायटी का नियम है" असं कोणी म्हटलं, तर तो नियम कागदावर आहे का, हे आधी बघून या. नियम नसेल तर सोसायटीच्या नावावर माणूसच बोलतोय, आणि माणसावर गुन्हा नोंदवता येतो.

आणि एक मागणी आपण लावून धरली पाहिजे. आदर्श उपविधी सरकार करतं, तर जात, धर्म विचारून कोणालाही अडवता येणार नाही, लिफ्ट सगळ्यांची राहील, आणि भाडेकरू व कामगार यांची तक्रारही उपनिबंधक घेईल, हे त्यात ठळकपणे लिहायला सरकारला कोणी अडवलेलं नाही. 2005 च्या निकालानेच कायदेमंडळाकडे बोट दाखवलं आहे.

तक्रार लेखी द्या, तारीख घाला, पोच घ्या. तोंडी अपमान हवेत विरतो, पोच घेतलेला अर्ज दफ्तरात राहतो. आपल्या आईबापांना अर्ज लिहून घ्यायला दुसऱ्याकडे जावं लागायचं. आपण तो स्वतः लिहू शकतो. शेजारच्या मावशीचाही लिहून द्या.

जय भीम.