घरटे राखणारा बाप



या व्याख्यानमालेत मी पुष्कळ वर्षे मागच्या बाकावर बसून ऐकले आहे. नववीत शाळा सुटली. पुढचे जे काही शिक्षण झाले ते इथे आणि आपल्या नगर वाचनालयात. त्यामुळे चिटणिसांनी मला बोलावले, तेव्हा मी बोनस आणि महागाई भत्ता यांवरच बोलेन असे त्यांनी धरले होते. मी म्हटले, तो विषय आहेच. पण आज मी एका आठ पायांच्या जीवाविषयी बोलणार आहे.

या जीवाला इंग्रजीत ‘हार्वेस्टमन’ म्हणतात. म्हणजे कापणीचा मजूर! युरोपात तो सुगीच्या दिवसांत फार दिसतो, म्हणून हे नाव. माझ्यासारख्याचे लक्ष या नावानेच वेधले. दिसायला तो कोळ्यासारखा असला, तरी कोळी नव्हे. कोळ्याचे शरीर मध्ये आवळलेले असते, याचे एकसंध. हा जाळे विणत नाही आणि याच्यापाशी विषही नाही. आठांपैकी दुसऱ्या जोडीचे पाय तो आंधळ्याच्या काठीसारखे पुढे चाचपत चालतो. कोणी धरलेच तर अंगातून उग्र वासाचा द्रव सोडतो. आपल्या सह्याद्रीतही ओल्या कपारींत लांब पायांचे हार्वेस्टमन घोळक्याने बसलेले असतात. जगात यांच्या साडेसहा हजारांहून अधिक जाती नोंदल्या गेल्या आहेत.

त्यांतले ‘नोमोक्लास्टिडी’ हे एक लहानसे कुटुंब. ते राहते पनामा, कोस्टारिका, कोलंबिया या टापूतल्या दमट अरण्यांत. यातल्या एका जातीचे वर्णन चेंबरलिन या शास्त्रज्ञाने १९२५ साली केले, ते पनामातील बारो कोलोरॅडो बेटावरून.

या बेटाची हकीकत कामगारांनी ऐकावी अशी आहे. पनामा कालव्यासाठी चाग्रेस नदीला बांध घातला, दरी बुडाली आणि एका डोंगराचा माथा तेवढा पाण्यावर उरला. तेच हे बेट. कालवा १९१४ साली खुला झाला. अमेरिकनांच्या हाती काम होते त्या दहा वर्षांत सरकारी मोजणीप्रमाणे ५,६०९ माणसे दगावली. त्यांतले बहुतेक बार्बाडोस, जमेका अशा बेटांवरून आलेले काळे मजूर होते. पगाराचे पटही दोन : गोऱ्यांचा ‘सोन्याचा’, या मजुरांचा ‘चांदीचा’. १९२३ साली हे बेट अभ्यासासाठी राखून ठेवले गेले. तिथे पुढे जे ज्ञान निघाले, त्याच्या पायात हे घामही आहेत आणि हे मरणही.

आता त्या जीवाकडे वळू. जिझेल मोरा यांनी याच बेटावर त्याचा अभ्यास केला. तो १९९० साली प्रसिद्ध झाला. झाडाच्या खोडावर नर चिखलाची वाटी बांधतो. मादी येते, वाटीत अंडी घालते आणि निघून जाते. एकाच वाटीत अनेक माद्यांची अंडी असतात. मागे राहतो तो नर. तो वाटीची डागडुजी करतो, चढलेली बुरशी काढून टाकतो, मुंग्यांना आणि आपल्याच जातीच्या अंडीखाऊंना हुसकावतो. या नराला उचलून बाजूला ठेवले, की अंडी फस्त होतात. म्हणजे हा पहारा नावापुरता नव्हे. पिल्लांचा जीव त्यावर आहे.

कोस्टारिकातील त्याच्या एका भाईबंदाचा अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. तिथे तर आणखी नवल दिसले. राखणदार नाहीसा झालेल्या वाटीत कधीकधी दुसराच नर येऊन बसतो आणि त्याची नसलेली अंडीही राखतो. त्याला आयते घर मिळते, हे खरे. पण अंडी वाचतात, हेही तितकेच खरे.

श्रोतेहो, या जीवाला मी संत करीत नाही. हार्वेस्टमनांच्या काही जातींत आई अंडी राखते, काहींत बाप, आणि पुष्कळ जातींत कोणीच नाही. निसर्ग आपल्याला धडे देण्यासाठी बसलेला नाही. पण ‘लेकरे सांभाळणे हा बाईचाच धर्म, निसर्गानेच तो नेमून दिला आहे’ असे जेव्हा कोणी छातीठोकपणे सांगतो, तेव्हा निसर्गाची साक्ष त्याच्या बाजूने लागत नाही, एवढे मी नक्की म्हणेन.

हे वाचले त्या रात्री मला झोप आली नाही. त्याचे कारण सांगतो आणि संपवतो. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईत गिरण्यांचा संप सुरू झाला, तेव्हा मी अकरा वर्षांचा होतो. बाबा एका गिरणीत साच्यावर होते. घरात पैसा येईना, तेव्हा आई चार घरची धुणीभांडी करू लागली आणि बाबा घरी राहिले. भाकऱ्या ते थापत, नळावर रांग ते लावत. धाकट्या बहिणीला ताप भरला तेव्हा तीन रात्री तिच्या कपाळावर ओल्या पट्ट्या ठेवीत तेच बसले. चाळीतले लोक हसत. म्हणत, बायकोच्या जिवावर बसून खातो. मित्रांनी विचारले, तुझे वडील दिवसभर घरी का? मी सांगितले, ते आजारी आहेत.

बाबांना मी हे कधी सांगितले नाही. आता ते नाहीत.

पुढे आयुष्यभर मी कामाचे तास मोजले आणि त्यांचा मोबदला मागितला. पण घरातल्या राखणीचे तास माझ्या कुठल्याही मागणीपत्रकात आले नाहीत. बाबांचे आले नाहीत, आईचे नाहीत, आणि मी सभांतून हिंडत असताना माझ्या पत्नीने काढलेलेही नाहीत. पनामाच्या अरण्यातला तो चिमुकला मजूर वाटीपाशी बसलेला असतो तेव्हा रिकामा बसलेला नसतो. तो काम करीत असतो. हे मला पन्नाशी उलटल्यावर एका पुस्तकातून कळावे, याची लाज वाटते. पण कळले, ते आपल्यापुढे ठेवले.