सहा पडले का गं?



संयोजक म्हणाले, "तू सॉफ्टवेअरवाली, एआयवर बोल." मी लुडोवर बोलणार आहे. हसू नका.

22 मार्च 2020 ला जनता कर्फ्यू झाला आणि 25 पासून देशभर टाळेबंदी. मी पुण्यात, एक मैत्रीण हैदराबादेत एकटी, एक औरंगाबादला, एक इथेच जिंतूरला. ग्रुपवर दिवसभर काढ्याच्या कृती आणि रुग्णांचे आकडे. एका रात्री कोणीतरी लुडो किंगचा रूम कोड टाकला. तेव्हापासून रोज साडेनऊला, फोन चालू ठेवून, चौघींचा डाव.

हा गेम नवी मुंबईतल्या गेमिशन कंपनीचा, 2016 चा. त्याच मार्चमध्ये निन्टेन्डोचा 'ॲनिमल क्रॉसिंग' आला होता; परदेशात लोक त्यातल्या बेटांवर एकमेकांकडे पाहुणे जात होते. आपल्याला जुना पटच पुरला. पचिशी आपल्या आज्यांची, कवड्यांची. इंग्लंडमध्ये तिला फासा जोडला आणि एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी 'लुडो' नावाने पेटंट घेतलं.

जिंतूरवालीची रोजची तक्रार, "ॲप लबाड आहे, मला सहा पडूच देत नाही." गणिताच्या सरांनी शिकवलेलं तेव्हा कामी आलं. दहा वेळा फासा टाकूनही एकदाही सहा न पडण्याची शक्यता सुमारे 16 टक्के असते. चौघींत एखादी रडणारच! तिला ते कधीच पटलं नाही.

एप्रिलमध्ये हैदराबादवालीची आई इथे जिंतूरला गेली. राज्याची सीमा बंद. शेवटचं दर्शन तिने व्हिडिओ कॉलवर घेतलं. मी रोज फोन करायचे. "जेवलीस का? काळजी घे." ती "हो" म्हणायची. मग दोघी गप्प, आणि खरं सांगते, फोन ठेवला की मला सुटल्यासारखं वाटायचं.

पाचव्या दिवशी साडेनऊला ती आपणहून डावात आली. कोणी काही विचारलं नाही. "तुझं दान", "मारली गं माझी सोंगटी", एवढंच. दुसऱ्या डावात मध्येच म्हणाली, "आईला पचिशीत हमखास पंचवीस पडायचे." आणि रडू लागली. तिची पाळी वेळ संपून निघून गेली, पुन्हा आली, पुन्हा गेली. आम्ही खेळत राहिलो. त्या रात्री ती दीड वाजेपर्यंत आईबद्दल बोलली.

मी वीस वर्षं स्क्रीन बनवते आहे. माणसाचं लक्ष कसं धरून ठेवायचं, हाच आमचा धंदा. लुडो थोडंसंच लक्ष मागतो. पाळी येईपर्यंत रिकामं बसायचं, आणि तेवढ्या वेळात गप्प राहिलं तरी चालतं. आमच्या ओट्यावर बायका ज्वारी निवडत बसायच्या, तेव्हा असंच व्हायचं. हात सुपात आणि घरातलं दुखणं हळूच बाहेर. पैसे लावून खेळायच्या लुडोचं मी बोलत नाहीये, त्याने घरं बुडाली. आमच्या डावात हरणारीने दुसऱ्या दिवशी काय स्वयंपाक करायचा ते बाकीच्या ठरवायच्या.

हे सगळं मी तिला विचारूनच सांगते आहे. ती तिसऱ्या रांगेत बसली आहे आणि तिने आईच्या कवड्या आणल्या आहेत. जेवणानंतर व्हरांड्यात पट मांडणार आहोत. सर, या वेळी जप्त करू नका.