कार्यालयाचे बिऱ्हाड हलते तेव्हा



घर हलविणे किती जिकिरीचे असते याचा अनुभव बहुतेकांना असतो. सामान बांधताना निम्म्या वस्तू नकोशा वाटतात आणि नव्या जागी गेल्यावर नेमकी हवी ती वस्तू हाती लागत नाही. पन्नास, शंभर किंवा दोनशे माणसांची संस्था जागा बदलते तेव्हा ही जिकीर अनेक पटींनी वाढते. घरातली अडचण घरापुरती राहते. संस्थेची अडचण मात्र तिच्याकडे कामासाठी येणाऱ्या प्रत्येकाला सोसावी लागते. अर्जदाराचा कागद सापडत नाही, ग्राहकाला कोणत्या मजल्यावर जावे ते कळत नाही, आणि कर्मचाऱ्याचा पहिला महिना खुर्ची-टेबलाची जागा ठरविण्यातच जातो. म्हणूनच नव्या जागेची रचना आणि सजावट हा केवळ शोभेचा प्रश्न नाही. तो कामाचा, खर्चाचा आणि माणसांच्या सुरक्षिततेचा प्रश्न आहे.

मुंबईचा अनुभव

मुंबईच्या वाढीचा इतिहास हा एका अर्थी कार्यालयांच्या स्थलांतराचाही इतिहास आहे. कोट विभागात आणि पुढे समुद्रात भर घालून तयार झालेल्या नरिमन पॉइंटच्या परिसरात कार्यालयांची दाटी झाली. रोज सकाळी लक्षावधी माणसांनी उपनगरांतून दक्षिणेकडे यायचे आणि सायंकाळी त्याच गर्दीतून परतायचे, असा शहराचा क्रम पडून गेला. हा भार वाटला जावा या हेतूने १९७० मध्ये सिडकोची स्थापना होऊन खाडीपलीकडे नवी मुंबई उभी राहू लागली. १९७५ मध्ये मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण स्थापन झाले आणि १९७७ मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलाच्या नियोजनाचे काम त्याच्याकडे सोपविण्यात आले. १९८० च्या दशकापासून शेतमालाचे घाऊक बाजार टप्प्याटप्प्याने वाशीला गेले. सेबी, नाबार्ड, नॅशनल स्टॉक एक्स्चेंज यांसारख्या संस्थांची मुख्यालये आज वांद्रे-कुर्ला संकुलात आहेत.

या सर्व स्थलांतरांतून एक गोष्ट स्पष्ट झाली आहे. नवी इमारत बांधणे ही कामाची केवळ पूर्वतयारी होय. त्या इमारतीत जुने काम नीट रुजते की नाही, यावर स्थलांतराचे यश अवलंबून असते.

हिरे बाजाराचे उदाहरण

या दृष्टीने मुंबईच्या हिरे बाजाराचे उदाहरण बोलके आहे. हा व्यापार अनेक दशके ऑपेरा हाउसच्या परिसरात एकवटला होता. उंच इमारतींतील लहान लहान खोल्यांत व्यापारी बसत आणि दलालांचे कितीतरी सौदे खाली रस्त्यावर, पदपथावर होत. या व्यवसायासाठी वांद्रे-कुर्ला संकुलात सुमारे वीस एकर जागेवर भारत डायमंड बोर्सचे संकुल उभारण्यात आले. ऑक्टोबर २०१० मध्ये त्याचे उद्घाटन झाले. तेथे सुमारे अडीच हजार कार्यालयांची सोय आहे. पुढे १३ जुलै २०११ रोजी ऑपेरा हाउस, झवेरी बाजार आणि दादर येथे बॉम्बस्फोट झाले. दाटीच्या जागेतून सुरक्षित जागेत जाण्याची निकड त्यानंतर अधिकच तीव्रतेने जाणवली.

हिऱ्याच्या कार्यालयाच्या गरजा अन्य कार्यालयांसारख्या नसतात. हिऱ्याचा रंग पारखताना थेट ऊन चालत नाही. उत्तरेकडून येणारा स्थिर, सौम्य प्रकाश पारख्यांना सोयीचा वाटतो. टेबलाचा पृष्ठभाग पांढरा असावा लागतो, कारण भिंतीच्या वा टेबलाच्या रंगाची छटा हिऱ्यात उतरली तर पारख चुकते. सजावटकाराने सुंदर निळा रंग भिंतीला दिला, तर पाहुण्याच्या डोळ्यांना तो सुखवील. पण पारख्याचे काम मात्र अडवील. तिजोरी, सीमाशुल्काची तपासणी आणि बँक या गोष्टी हाकेच्या अंतरावर असाव्या लागतात, आणि त्या एकाच आवारात आणणे हा या संकुलाचा मोठा लाभ होय.

परंतु याच व्यवसायात असा एक वर्ग आहे, ज्याला स्वतःचे कार्यालय नसते. तो वर्ग दलालांचा. चार कार्यालयांत फिरणे, दोन माणसांना एकत्र आणणे आणि सौदा जुळविणे हे त्यांचे काम. रस्त्यावरचा पदपथ हीच त्यांची बैठक होती. नव्या जागेत केवळ बंद खोल्यांचा विचार झाला, तर ज्यांच्या पावलांवर बाजार चालतो त्यांनाच पाय टेकायला जागा उरत नाही. म्हणून कोणत्याही संस्थेच्या नव्या जागेत नकाशावर नाव नसलेल्या अशा माणसांसाठी बसण्या-बोलण्याची सामाईक जागा ठेवणे अगत्याचे आहे.

आधी काम, मग नकाशा

नव्या जागेचा विचार कामाच्या आढाव्यापासून सुरू व्हावा. संस्थेत माणसे किती, त्यांतील दिवसभर टेबलाशी बसणारी किती आणि बाहेर फिरणारी किती? अभ्यागत रोज किती येतात? कागदपत्रे किती, आणि त्यांपैकी रोज लागणारी किती? कोणत्या शाखेचा कोणत्या शाखेशी सतत संबंध येतो? या प्रश्नांची उत्तरे अंदाजाने न देता दोन आठवडे प्रत्यक्ष नोंद ठेवून मिळवावीत. आवक-जावक शाखेतील लिपिक आणि फायली पोहोचविणारा शिपाई यांना हे जितके ठाऊक असते तितके ते वरिष्ठांनाही ठाऊक नसते. त्यांना विचारल्याशिवाय नकाशा पक्का करू नये.

समजा, साठ माणसांची एखादी संस्था जुनी जागा सोडून नव्या इमारतीत जात आहे. राष्ट्रीय इमारत संहिता २०१६ मध्ये अग्निसुरक्षेच्या दृष्टीने कार्यालयातील माणसांची संख्या मोजताना दर १० चौरस मीटरला एक माणूस असे प्रमाण धरले आहे. त्या हिशेबाने या संस्थेला सुमारे ६०० चौरस मीटर जागा लागेल. टेबल, खुर्ची आणि मागची ये-जा मिळून एका माणसाला सुमारे तीन चौरस मीटर, म्हणजे साठ जणांना १८० चौरस मीटर जागा प्रत्यक्ष बसण्यासाठी पुरते. उरलेली जागा वाटा, बैठकीच्या खोल्या, दप्तर, उपाहार, स्वच्छतागृहे आणि अभ्यागत यांच्यासाठी असते. अनेकदा ही उरलेली जागा वाया गेलेली समजून तेथे आणखी टेबले मांडली जातात. तसे केल्यास बाहेर पडण्याचे मार्ग वाढीव माणसांना पुरेसे आहेत की नाहीत हे नव्याने तपासावे लागते.

दप्तराची गोष्ट तर आणखी वेगळी. कागद हलका वाटतो, पण फायलींनी भरलेली पोलादी कपाटे अतिशय जड होतात. दप्तर वेगळ्या खोलीत ठेवलेले असेल, तर कार्यालयाच्या साध्या खोलीसाठी भारतीय मानकानुसार दर चौरस मीटरला २.५ किलोन्यूटन, म्हणजे सुमारे २५० किलो भार धरतात. दप्तरखान्यासाठी हाच भार दुप्पट, म्हणजे ५ किलोन्यूटन धरला जातो. जुन्या जागेतील सर्व कपाटे नव्या जागेत एका कोपऱ्यात रचण्यापूर्वी स्थापत्य अभियंत्याचा सल्ला घेतला नाही, तर पुढे फरशीला तडे जाण्याची पाळी येते. कालबाह्य कागदांची नियमाप्रमाणे छाननी स्थलांतरापूर्वी करावी, नंतर नव्हे.

हलविता येणारी सजावट

संस्थेचे काम पाच-सात वर्षांत बदलते. एक शाखा वाढते, दुसरी विलीन होते. २०२० च्या साथीनंतर काही कर्मचारी आठवड्यातील काही दिवस घरून काम करू लागले. जी जागा केवळ आजच्या कामासाठी घट्ट बांधलेली असते ती उद्या फोडावी लागते, आणि तोडफोडीत पैसा, वेळ आणि मन:शांती या तिन्ही गोष्टी खर्ची पडतात.

यावर उपाय म्हणजे इमारत आणि सजावट यांची फारकत. खांब, जिने, उद्वाहन, स्वच्छतागृहे ही कायमची अंगे. त्यांच्यामधील जागा शक्य तितकी मोकळी ठेवावी. पार्टिशन विटांचे न करता सुटे होणारे, पुन्हा उभारता येणारे असावे. सारे काही एकाच मापाच्या पटीत ठेवल्यास मोठी सोय होते. छताचा चौकोन ६०० मिलिमीटरचा, टेबल १२०० बाय ६०० मिलिमीटरचे, पार्टिशनचा भाग ६०० किंवा १२०० मिलिमीटर रुंदीचा, असा मेळ बसला की टेबल फिरविले तरी दिवा डोक्यावर नीट येतो आणि पार्टिशन सरकविले तरी छत कापावे लागत नाही. वीज, दूरध्वनी आणि संगणकाच्या तारा भिंतीत गाडण्याऐवजी उंचावलेल्या फरशीखालून किंवा उघडता येणाऱ्या पन्हाळीतून न्याव्यात. जुने भक्कम लाकडी टेबल वा पोलादी कपाट टाकून देण्याची घाई करू नये. रंगरोगण आणि किरकोळ दुरुस्ती करून ते पुष्कळ वर्षे काम देते.

लवचीकपणाचा विपर्यास

लवचीक कार्यालयाची कल्पना नवी नाही. १९५० च्या दशकाच्या अखेरीस जर्मनीत भिंती काढून, कामाच्या ओघाप्रमाणे टेबले मांडण्याचा प्रयोग सुरू झाला. अमेरिकेत रॉबर्ट प्रॉप्स्ट यांनी हर्मन मिलर या कंपनीसाठी १९६० च्या दशकात हलविता येणाऱ्या फर्निचरची मालिका तयार केली. १९६८ मध्ये तिचे दुसरे रूप बाजारात आले. माणसाला मोकळीक मिळावी, उठबस व्हावी, गरजेनुसार मांडणी बदलावी हा त्यामागील हेतू होता. पण खर्चात काटकसर करणाऱ्या व्यवस्थापकांनी तेच भाग वापरून कमी जागेत अधिक माणसे बसविली आणि मोकळिकीच्या कल्पनेतून चौकोनी खुराडी जन्माला आली. फर्निचर लवचीक असले तरी दृष्टी लवचीक नसेल, तर काय होते याचा हा धडा आहे. मांडणी बदलता येते याचा अर्थ माणसे कोंबता येतात, असा कोणी घेऊ नये.

सुरक्षिततेशी तडजोड नको

२१ जून २०१२ रोजी मंत्रालयाच्या चौथ्या मजल्यावर आग लागली आणि ती वरच्या मजल्यांवर पसरली. पाच जणांना प्राणास मुकावे लागले आणि असंख्य कागदपत्रे भस्मसात झाली. काही विभागांना तातडीने अन्य इमारतींत, त्यांत गोकुळदास तेजपाल रुग्णालयाच्या आवारातील इमारतीतही, आपले काम हलवावे लागले. ठरवून केलेले स्थलांतर आणि आपत्तीने लादलेले स्थलांतर यांतील फरक त्या दिवसांत राज्याने अनुभवला.

सजावट करणाऱ्या प्रत्येक संस्थेने ही घटना ध्यानात ठेवावी. लाकडी पार्टिशन, कापडी पडदे, आच्छादित छत आणि त्यावरून मनमानी ओढलेल्या विजेच्या तारा यांचा संयोग घातक ठरतो. सुटे पार्टिशन अग्निरोधक साहित्याचेच घ्यावे. मांडणी बदलली की बाहेर पडण्याची वाट मोकळी आहे ना, हे दरवेळी चालून पाहावे. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ अन्वये अग्निशमन यंत्रणा चालू स्थितीत असल्याचे प्रमाणपत्र परवानाधारक संस्थेकडून घेऊन ते वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैमध्ये, सादर करावे लागते. ही केवळ औपचारिकता समजू नये. महत्त्वाच्या कागदांची प्रत दुसऱ्या ठिकाणी असणे हाही सुरक्षिततेचाच भाग होय.

सर्वांसाठी जागा

जागा बदलताना जुन्या उणिवा दूर करण्याची संधी मिळते. चाकांच्या खुर्चीवरून येणाऱ्या व्यक्तीसाठी प्रवेशद्वाराशी उतार असावा. एक फूट उंचीला किमान बारा फूट लांबी हे त्याचे साधे प्रमाण आहे. दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, २०१६ नुसार ही सोय म्हणजे उपकार नव्हे, तो त्यांचा हक्क आहे. प्रसूतिलाभ कायद्यातील २०१७ च्या दुरुस्तीने पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांत पाळणाघराची सोय आवश्यक ठरविण्यात आली. नव्या नकाशात त्यासाठी उजेडाची खोली आधीच राखून ठेवावी. नंतर शोधू गेल्यास जिन्याखालची अंधारी जागाच वाट्याला येते.

प्रवासाचाही विचार व्हावा. वांद्रे-कुर्ला संकुलातील कर्मचाऱ्यांना अनेक वर्षे वांद्रे किंवा कुर्ला स्थानकावर उतरून पुढे बस वा रिक्षा गाठावी लागे. ऑक्टोबर २०२४ मध्ये मेट्रो तीनचा आरे ते वांद्रे-कुर्ला संकुल हा टप्पा सुरू झाल्यावर स्थानक थेट संकुलात आले. संस्था हलते तेव्हा तिच्या झाडूवाल्याचा, शिपायाचा आणि उपाहारगृहातील मुलाचाही मार्ग बदलतो. नव्या जागेचे भाडे वाचले, पण त्यांचा रोजचा तास-दीड तास अधिक खर्च झाला, तर तो हिशेब संस्थेच्या जमाखर्चात दिसत नसला तरी घराघरांत जाणवतो.

सारांश, स्थलांतराची तयारी माप घेण्यापासून नव्हे, विचारपूस करण्यापासून सुरू व्हावी. नकाशा पक्का होण्यापूर्वी तो एका मोठ्या कागदावर काढून जुन्या कार्यालयाच्या दाराशी आठवडाभर लावावा आणि प्रत्येकाने आपल्या जागेशी आपली अडचण लिहावी, इतका साधा उपायही पुष्कळ चुका टाळू शकतो. त्यासाठी खर्च होतो तो एका कागदाचा आणि एका पेन्सिलीचा.