गिटार, बास आणि पाण्याची बादली

२७ नोव्हेंबर १९८९ रोजी लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये जॉन मॅक्लॉफ्लिन यांच्या त्रयीची मैफल झाली आणि तिचाच पुढे अल्बम निघाला. गिटारवर मॅक्लॉफ्लिन, बासवर काय एकहार्ट आणि तालवाद्यांवर आपल्या मुंबईचे त्रिलोक गुर्टू, म्हणजे ठुमरीगायिका शोभा गुर्टू यांचे चिरंजीव!

मॅक्लॉफ्लिन यांनी गिटार सिंथेसायझरला जोडली होती. त्यामुळे एकाच वाद्यातून तारांचा टणत्कार आणि लांबवर टिकणारे सूर दोन्ही निघतात. त्रिलोक तबला आणि ड्रम एकाच बैठकीत वाजवतात. वाजती झांज पाण्याच्या बादलीत बुडवायची त्यांची खास लकब. झांज बुडते तसा तिचा नाद मींड घेत उतरतो. या अल्बममधली ‘मदर टंग्ज’ ही रचना मात्र निवांतपणे, पूर्ण ऐका.