वाड्यावरची बाई

दिवाळी झाली की फलटण-बारामतीकडचे धनगर मेंढरं घेऊन कोकणाकडे उतरतात, पावसाच्या तोंडावर परततात. मेंढपाळ म्हटलं की आपल्यापुढे काठी-घोंगडीवाला पुरुषच येतो. तो दिवसभर मेंढरांमागे असतो, खरंच. पण बिऱ्हाड मोडून घोड्यावर लादणं, पुढच्या मुक्कामी नेऊन मांडणं, पाणी, सरपण, मागे राहिलेली कोकरं, हे सगळं बाईकडे. शेतकरी खतासाठी मेंढरं रानात बसवून घेतो, बदल्यात धान्य किंवा पैसे देतो. ती बोलणी मात्र पुरुषाशीच!

एकीला मी विचारलं, "ताई, तुम्ही काम काय करता?"

"काय न्हाई, घरीच असते."

घर तेव्हा घोड्याच्या पाठीवर होतं. आणि मी, शिकलेली, फॉर्मवर 'गृहिणी' लिहून पुढे गेले.